पोस्टकार्डांचं खोकं

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुला नाशिकच्या सीबीएस स्टँडवर सोडलं. पुण्याची गाडी फलाटाला लागली होती आणि पायरीवर पाय ठेवता ठेवता तू विचारलंस, "सर, माझा एच-इंडेक्स चार आहे. मुलाखतीत काय सांगू?" मी काही बोलायच्या आत कंडक्टरने घंटी मारली. गंगापूर रोडला घरी पोचेपर्यंत तुझा चेहरा डोळ्यांपुढून हलेना, म्हणून हे पत्र.

तो आकडा 2005 मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. चार म्हणजे तुझ्या चार पेपरांना प्रत्येकी निदान चार सायटेशन्स, म्हणजे इतर पेपरांतले उल्लेख, आहेत, एवढंच. तो वयाबरोबर वाढतो, कमी कधी होत नाही. पीएच.डी. नुकती संपलेल्या मुलीला त्याने मोजणं म्हणजे रोप लावलं त्याच वर्षी घड मोजायला बसणं. शिवाय आपल्या कॉस्मॉलॉजीत, म्हणजे विश्वाच्या अभ्यासात, प्लांक या अवकाश दुर्बिणीच्या मोहिमेच्या पेपरवर शेकडो नावं असतात आणि तुझ्या पेपरवर दोन. यांना एकाच तराजूत कसं घालायचं?

तरी मुलाखतीत विचारतीलच. तेव्हा एक काम कर. तुझ्या दुसऱ्या पेपरला अकरा सायटेशन्स आहेत ना? ते अकराही पेपर उघड आणि तुझं नाव कुठे आलंय ते बघ. प्रस्तावनेत दहा-बारा नावांच्या रांगेत आलं असेल, तर तो नमस्कार समज. पण कुणी तुझं सूत्र घेऊन स्वतःच्या डेटावर चालवलं असेल, किंवा तुझ्या निष्कर्षाला अडखळून वेगळा रस्ता धरला असेल, तर तो पेपर बाजूला काढ. असे दोन जरी निघाले, तरी मुलाखतीत त्या दोनांबद्दलच बोल. कुणी, काय, कशासाठी घेतलं, हे नीट सांग. समोर जाणकार बसला असेल तर त्याला तेच ऐकायचं असतं.

अमलकुमार रायचौधुरींचं काम तुला वर्गात शिकवलंय, पण त्यामागचा काळ सांगायचा राहिला. कोलकात्यातल्या संस्थेत त्यांना धातूंच्या गुणधर्मांवर काम करायला लावत होते. सापेक्षतेचं काम त्यांनी स्वतःच्या ओढीने केलं. 1955 मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू'त त्यांचं समीकरण छापून आलं. शेजारशेजारून निघालेले कणांचे मार्ग गुरुत्वामुळे एकमेकांकडे कसे झुकतात, हे त्यात आहे. दहा वर्षांनी, 1965 मध्ये, पेनरोझ यांनी आणि पाठोपाठ हॉकिंग यांनी सिंग्युलॅरिटीची, म्हणजे जिथे गुरुत्वाचे नेहमीचे नियम कोलमडतात त्या अवस्थेची, प्रमेयं मांडली, तेव्हा त्यांच्या पायाशी हाच विचार होता. पेनरोझ यांना 2020 मध्ये नोबेल मिळालं. रायचौधुरी 2005 मध्येच गेले होते. आज 'रायचौधुरी समीकरण' असं नुसतं लिहून पुढे जातात, मूळ पेपरचा संदर्भ द्यायची गरजही पुष्कळांना वाटत नाही. तुझ्या बाबांच्या पिंपळगावच्या बागेत वर थॉमसन द्राक्षाची वेल आहे आणि खाली डॉगरिजचा खुंट, म्हणजे ज्यावर तिचं कलम बांधलं ते मूळ. बाजारात नाव थॉमसनचं होतं, पण पाण्याची ओढ पडली की बाग कुणाच्या जिवावर उभी राहते, ते बाबांना विचार. "या अभ्यासाचा उपयोग काय?" असं ते तुला विचारतात म्हणालीस. हे उदाहरण त्यांना सांग, त्यांना लगेच कळेल.

उलटंही होतं. मार्च 2014 मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-2 या दुर्बिणीच्या गटाने आदिम, म्हणजे विश्वाच्या आरंभी उठलेल्या, गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचं जाहीर केलं. सायटेशन्सचा पाऊस पडला. पुढच्या वर्षी प्लांकच्या डेटाबरोबर एकत्र तपासल्यावर कळलं की तो संकेत आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीने समजावता येतो. सायटेशन्स मात्र आहेत तिथेच राहिली.

नारळीकर सरांचं काय म्हणशील? हॉयल यांच्या बरोबरीने त्यांनी स्थिर-स्थिती विश्वाची, म्हणजे विश्वाला आरंभच नाही या मताची, बाजू लढवली. 1965 मध्ये सूक्ष्मलहरींच्या पार्श्वभूमीचा, म्हणजे आरंभीच्या तप्त विश्वातून उरलेल्या किरणांचा, शोध जाहीर झाल्यावर बहुतेकांनी महास्फोटाची वाट धरली, पण सरांनी प्रश्न विचारणं सोडलं नाही. 1988 मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली, तिचे दरवाजे आमच्यासारख्या कॉलेजातल्या मास्तरांना उघडे होते. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथल्या लायब्ररीत बसून जे वाचलं, तेच पुढे तुला शिकवलं. डिसेंबर 2021 मध्ये आपल्या नाशिकला साहित्य संमेलन भरलं, सर अध्यक्ष होते, तब्येतीमुळे त्यांना येता आलं नाही. मंडपात माझे दोन जुने विद्यार्थी भेटले. दोघांनीही फिजिक्स घेतलं होतं ते शाळेत सरांच्या विज्ञानकथा वाचून. हे कुठल्या इंडेक्समध्ये बसवणार?

माझ्या कपाटात बुटाचं एक खोकं आहे. त्यात पोस्टकार्डं आहेत, रीप्रिंट, म्हणजे पेपरची छापील प्रत, मागणारी. तेव्हा इंटरनेटवर पेपर मोफत मिळणारं अर्काइव्ह नव्हतं. पेपर हवा असला की लोक छापील कार्डावर शीर्षक लिहून पाठवत. माझ्या एका साध्याशा पेपरसाठी सहा कार्डं आली. त्यातलं पोलंडचं कार्ड अजून वाचतो. बारीक निळ्या अक्षरांत लिहिलंय की तुमच्या तक्त्यातल्या चौथ्या ओळीत चिन्ह चुकलंय. खरंच चुकलं होतं. मी दोन रात्री बसून सगळं पुन्हा काढलं आणि दुरुस्ती छापायला धाडली. माझा तक्ता कुणीतरी ओळीओळीने पडताळून पाहिला होता! त्या आनंदाची सर पुढे कशालाच आली नाही.

तेव्हा मुलाखतीआधी आणखी एक कर. दुसऱ्या पेपरमधल्या तिसऱ्या आकृतीचा कोड अजून तुझ्याच लॅपटॉपवर पडून आहे. तो नीट टिपणं लिहून सगळ्यांसाठी ठेव, म्हणजे कुणा अनोळखी माणसाला तुला न विचारता तो चालवता येईल. अडलं तर शनिवारी ये. दुपारनंतर मी घरीच आहे, खोकंही काढून ठेवतो.

तुझे,
सर