हे त्यावर बसेल का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात गेमिंग पीसी स्वतः जोडण्याबद्दल चार ओळी लिहिल्या आणि तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतोय, हा पार्ट त्या पार्टवर बसेल का. काही पत्रं थोडी छाटून देतोय. उत्तरं मात्र लांबलीयेत, सांभाळून घ्या.

प्रश्न: दादा, लिस्ट फायनल केलीये, फक्त एकदा नजर टाका. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, मित्राकडून मिळालेला बी४५० मदरबोर्ड, माझ्या जुन्या पीसीतली १६ जीबी डीडीआर४ रॅम, आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटसोबत आलेला ५०० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). बोर्ड आणि रॅम फुकटात पडतायत म्हणून सगळं बजेट कार्डात टाकलंय. पुढच्या आठवड्यात ऑर्डर करतोय.

उत्तर: थांब रे बाबा, आधी मित्राच्या बोर्डाकडे नीट बघ. सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेत, बारीक बारीक भोकं दिसतील, १३३१ आहेत, मोजत बसू नकोस. या सॉकेटचं नाव एएम४. यात बसणाऱ्या प्रोसेसरच्या पोटाखाली तेवढ्याच पिना असतात. तू निवडलेला ७६०० आहे एएम५चा, २०२२ मध्ये आलेल्या सॉकेटचा, त्याच्या पोटाखाली एकही पिन नाही, नुसते सपाट सोनेरी ठिपके, १७१८, आणि पिना सगळ्या बोर्डाच्या सॉकेटात. त्यामुळे जोर लावून, गोडीगुलाबीने, कसाही तो बी४५० वर बसणार नाही. एएम४ आणि एएम५ दोन्ही प्रोसेसरांवर रायझन लिहिलेलं असतं म्हणून लोक फसतात.

रॅमचंही तेच. एएम५ला फक्त डीडीआर५ चालते. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही स्टिकना २८८च टोकं असतात, लांबी पण सारखीच दिसते, पण मधली खाच थोडी सरकलेली असते, ती मुद्दाम तशी ठेवलीये म्हणजे चुकून कोणी कोंबू नये. (तरी कोंबणारे भेटलेत मला.)

मग तुझ्यासमोर रस्ते दोन. एक, बोर्ड आणि रॅम ठेवायची आणि प्रोसेसर बदलून रायझन ५ ५६०० घ्यायचा, तो एएम४चाच आहे, फक्त बोर्डाचं बायोस, म्हणजे त्याचं आतलं सॉफ्टवेअर, जुनं असेल तर आधी अपडेट करावं लागेल, ते कसं ते पुढच्या उत्तरात लिहिलंय. दोन, ७६०० हवाच असेल तर बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर तिन्ही एकदम एएम५चे घ्यायचे आणि कार्ड एक पायरी खाली आणायचं. मला विचारशील तर फुकटातल्या दोन वस्तू सोडू नकोस, पहिलाच रस्ता धर. बी४५० वर कार्डाचा स्लॉट, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस, ३.०चा आहे आणि कार्ड ४.०चं, पण त्याची काळजी नको, ही जनरेशन्स एकमेकांना सांभाळून घेतात, आणि ४०७० पूर्ण १६ लेन (डेटा जायच्या वाटा) वापरत असल्यामुळे फरक नगण्य पडतो. ४०६० सारखं ८ लेनचं कार्ड असतं तर जुन्या स्लॉटवर थोडा विचार करायला सांगितला असता.

आणि तो कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस, त्याच्याबद्दल मी जरा कडक बोलणारे. ४०७० स्वतः २०० वॉट खातं आणि एनव्हिडिया त्याच्यासाठी ६५० वॉटचा सप्लाय सांगतं. तुझा ५०० चा आहे, तेही स्टिकरवर. असल्या डब्यांच्या बाजूचं स्टिकर वाच, १२ व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर लिहिलेत ते बघ आणि त्याला १२ ने गुण. २५ अँपिअर असतील तर झाले ३०० वॉट, आणि प्रोसेसर आणि कार्ड दोघंही याच लाइनवर जगतात. बाकीचे वॉट ५ आणि ३.३ व्होल्टवर दाखवून बेरीज फुगवलेली असते. शिवाय आजची कार्डं क्षणभरासाठी स्वतःच्या आकड्यापेक्षा बरीच वर उडी मारतात आणि साधा सप्लाय तेवढ्यात बंद पडतो, ऐन गेममध्ये. म्हणून तो डबा बाजूला ठेव आणि ६५० किंवा ७५० चा नीट घे. ८० प्लसचा बिल्ला वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतो हां, आतला माल चांगला आहे असं नाही सांगत.

प्रश्न: माझ्याकडे बी४५० आणि रायझन ५ २६०० आहे, सहा वर्षं झाली. यावर रायझन ७ ५७००एक्स३डी चालेल का? की सगळंच बदलू?

उत्तर: चालेल, आणि सगळं बदलायची घाई करू नका. २०२० मध्ये एएमडीने आधी ५००० सिरीज या जुन्या बोर्डांवर चालणार नाही असं म्हटलं होतं, लोकांनी एवढा आरडाओरडा केला की त्यांना बेत बदलावा लागला, त्याचा फायदा आता तुम्ही उचला. ५७००एक्स३डी वर ९६ एमबी एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातलीच झटपट मेमरी, आहे आणि बऱ्याच गेम्सना ती भयंकर आवडते.

पण क्रम चुकवू नका. जुना २६०० बसलेला असतानाच बायोस अपडेट करायचं. बोर्डाच्या कंपनीच्या पानावर तुमच्या मॉडेलची सीपीयू सपोर्टची यादी असते, त्यात प्रोसेसरच्या नावापुढे कुठलं बायोस व्हर्जन लागतं ते लिहिलेलं असतं. मॉडेलचं नाव बोर्डावर छापलेलं असतं तेच घ्या, बी४५० नावाचे एकाच कंपनीचे पाच-सहा बोर्ड असतात आणि शेवटचं एक अक्षर सुटलं तर बायोसची फाइल दुसऱ्या बोर्डाची उतरते. त्या बायोसच्या फाइलसाठी पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, अपडेट चालू असताना लाइट जाणार नाही अशी वेळ बघा.

आता खरी गंमत कूलर काढताना. सहा वर्षांची थर्मल पेस्ट (कूलर आणि प्रोसेसरमधला लेप) सुकून डिंकासारखी झालेली असते आणि एएम४चा प्रोसेसर सॉकेटमध्ये नुसता चिमटीत धरल्यासारखा बसलेला असतो, कूलर सरळ वर ओढला की खालून प्रोसेसर पण सॉकेटची दांडी बंद असतानाच सुटून हातात येतो, पिना वाकतात. म्हणून आधी अर्धा तास एखादा जड गेम चालवा, पेस्ट गरम होऊन मऊ पडेल, मग पीसी बंद करून वायर काढून कूलरचे स्क्रू सोडा आणि कूलर डावीकडे उजवीकडे हळूहळू पिळा, झाकण फिरवतो तसा. सुटल्याचं हाताला कळतं. मगच उचला. आणि २६०० सोबत आलेला छोटा कूलर या प्रोसेसरला पुरणार नाही, ५७००एक्स३डी १०५ वॉटचा आहे, त्याच्या खोक्यात स्वतःचा कूलर नसतो, एक बरा टॉवर कूलर धरूनच हिशोब करा.

प्रश्न: कॅबिनेटवर ग्राफिक्स कार्ड ३३५ मिमी लांब आणि कूलर १५५ मिमी उंच असं लिहिलंय. माझं कार्ड ३२० मिमी, कूलर १५८. तीन मिलिमीटरने काय होतंय? आणि पुढे २४० चा रेडिएटर (पाण्याच्या कूलरची जाळी) पण नंतर लावायचा विचार आहे.

उत्तर: तीन मिलिमीटरने कॅबिनेटच्या बाजूची काच बंद होत नाही, एवढंच होतं. पत्र्याचं झाकण असेल तर पोट काढून बसतं, मी पाहिलंय असं, टेप लावून फिरवलेलं. काचेला ती सोय नाही. कूलर १५० च्या आसपासचा बघा.

कार्डाचं जास्त महत्त्वाचं. ३३५ हा आकडा सहसा पुढे रेडिएटर नसताना दिलेला असतो. साधा रेडिएटर २७ मिमी जाड, त्यावर पंखे २५ मिमी, झाले ५२. उरले २८३. तुमचं कार्ड ३२० चं. म्हणजे रेडिएटर वरच्या बाजूला लावता येत असेल तरच, आणि तिथे रॅमच्या उंच टोप्या आडव्या येतात का ते बघून. कार्डाची जाडी पण बघा, हल्लीची कार्डं तीन तीन स्लॉट अडवतात आणि खालचा स्लॉट गेलाच म्हणून समजा. कार्डाला १६ पिनचा नवा प्लग असेल तर केबल प्लगपासून साधारण ३५ मिमी सरळ येऊ द्यायची, लगेच करकचून वाकवायची नाही, काचेला टेकवायची तर मुळीच नाही.

प्रश्न: बॉटलनेक कॅल्क्युलेटरमध्ये (कुठला पार्ट दुसऱ्याला अडवतो ते सांगणाऱ्या साइटवर) माझं कॉम्बिनेशन १८ टक्के दाखवतंय, कार्ड परत करू का?

उत्तर: नको. बसणं आणि शोभणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच पीसीवर १०८०पी मध्ये प्रोसेसर धापा टाकतो आणि ४के मध्ये तोच निवांत बसतो, कारण तिथे सगळा भार कार्डावर जातो, मग ते १८ टक्के कुठल्या गेमचे, कुठल्या रिझोल्युशनचे? कुठला तरी एक पार्ट आधी दमणारच.

प्रश्न: इंटेलचा १२४००एफ प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० कार्ड असलेला पीसी जोडला, सगळे पंखे फिरतात, मॉनिटर म्हणतो नो सिग्नल. बोर्ड खराब आला का?

उत्तर: एचडीएमआयची वायर बोर्डाच्या पोर्टमध्ये घातलीये का ताई? इंटेलच्या नावात शेवटी एफ असला की प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, ते पोर्ट मेलेलेच असतात. वायर खाली, कार्डाच्या पोर्टमध्ये लावा. तरी नाही आलं तर कार्डाला एसएमपीएसची ८ पिनची वायर लावलीये का बघा. प्रोसेसरची ८ पिन वेगळी, ती चार अधिक चार अशी फुटते, कार्डाची सहा अधिक दोन.

प्रश्न: नवीन मॉड्युलर (केबल्स सुट्या काढता येतात असा) एसएमपीएस घेतला, पण जुन्याच्या केबल्स आधीच कॅबिनेटमध्ये छान ओढून बांधलेल्या आहेत. त्याच वापरल्या तर? प्लग तर बसतोय.

उत्तर: प्लग बसतोय हाच घोटाळा आहे. पार्टच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसच्या बाजूला कुठल्या पिनवर किती व्होल्ट याला काहीच स्टँडर्ड नाही, एकाच कंपनीच्या दोन मॉडेल्समध्ये पण वेगळं निघू शकतं. मी हा आळस केलाय. बटण दाबलं, एक बारीक टक आवाज, मग करपल्याचा वास, आणि ज्या हार्डडिस्कवर जुने फोटो होते ती गेली. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले होते. सगळ्या केबल्स काढा आणि नव्या खोक्यातल्याच घाला, अगदी हार्डडिस्कला जाणारी साटाची एक वायरसुद्धा ठेवू नका.

प्रश्न: पहिल्यांदाच एएम५ जोडलाय, ३२ जीबी डीडीआर५, दोन स्टिक. चालू केलं की काळी स्क्रीन, बोर्डावर डीरॅमचा पिवळा दिवा. तीन वेळा बंद करून चालू केला. रॅम जमत नाहीये का?

उत्तर: जमतेय, तुम्हीच तिला जमू देत नाही आहात. पहिल्या वेळी बोर्ड रॅमशी वेळेचा ताळमेळ लावत बसतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, त्यात काही मिनिटं जातात आणि तेवढ्या वेळात स्क्रीन काळीच राहते. दर वेळी बंद केलंत की त्याने पाढे पहिल्यापासून. या वेळी चालू करून १५ मिनिटं हातच लावू नका. तरी दिवा गेला नाही तर बंद करून एकच स्टिक ठेवा, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटात, क्लिक ऐकू येईपर्यंत दाबून. चालू झाला की दुसरी स्टिक चौथ्या स्लॉटात. पुढे कधी रिकाम्या दोन स्लॉटात अजून दोन घालायचा मोह होईल, तो टाळा, रायझन ७००० वर चार स्टिकसाठी एएमडीचा अधिकृत वेग ३६०० वर येतो. खोक्यावरचा ६००० चा वेग बायोसमध्ये एक्सपो (रॅमच्या वेगाची सेटिंग) चालू केल्याशिवाय मिळणार नाही, आणि ते चालू केल्यावर परत एकदा अशीच काळी स्क्रीन येईल, तेव्हा हात बटणापासून लांब ठेवा.