घाटातली जुनी लाइन आणि 'सदर मार्ग अस्तित्वात नाही'

तुमची पोस्ट वाचली. खंडाळ्याच्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनची (घाट चढताना गाडी थांबवून उलट्या दिशेने पुढे नेत, ते ठिकाण) आणि त्याला जोडणाऱ्या लाइनची मोजणी करायला परवानगी मागितली, तर 'सदर मार्ग अस्तित्वात नाही' असं एका ओळीचं उत्तर आलं ना? मलाही हेच आलं होतं, वाक्यसुद्धा जवळपास तेच. कचेरीचं नाव घेत नाही.

भोर घाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली आणि नवी अलाइनमेंट, म्हणजे लाइनचा नवा मार्ग, आल्यावर १९२९ साली रिव्हर्सिंग बंद झालं, हे तुम्हाला ठाऊकच असणार, म्हणून सोडतो. खरी मेख पुढे आहे. कचेरीतला तक्ता फक्त चालू लाइनचा, किलोमीटरमध्ये. जुनी लाइन मैलांत मोजलेली. साहेबांनी तक्त्यावर पेन टेकवून विचारलं, "कितव्या किलोमीटरला येतं हे?" येतच नाही म्हटल्यावर फाइल मिटली. शेजारच्या टेबलावर मात्र उत्तर तयार होतं : जमीन आमचीच, आत शिरलात तर रेल्वे कायद्याचं कलम १४७ लावू. म्हणजे लाइन नाही, पण तिच्यावरची घुसखोरी आहे! महिनोन् महिने या दोन टेबलांमध्येच गेले, आणि त्यात अख्खा कोरडा हंगाम वाया गेला. अजून आठवलं की डोकं तडकतं.

माझं स्पष्ट मत : 'जुनी लाइन' हा शब्दच अर्जात घालू नका. आधी गावनकाशा मिळवा, गट नंबर काढा, सातबारा बघा. काही तुकडे रेल्वेच्या नावावर असतील, काही वनखात्याच्या. प्रत्येकाकडे वेगळा अर्ज. माहिती अधिकारात 'का बंद केली' वगैरे विचारत बसू नका, उत्तर टोलवतात. अभिलेख पाहू द्या, एवढंच मागा. केंद्राच्या कार्यालयात फी १० रुपये, आणि पाहणीचा पहिला तास फुकट असतो. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत पुढे पाठवणं त्यांचं काम, तुमचं नाही. मी वकील नाही, नियम बदलले असतील तर तपासून घ्या.

एक आणखी. अर्जाला याच घाटातल्या अमृतांजन पुलाचे फोटो जोडू नका. एप्रिल २०२० मध्ये पाडलेला तो पूल १८३० सालचा, रस्त्याचा. आपल्याकडे पहिली प्रवासी गाडीच १८५३ ची! तरी लोक त्याला रेल्वेचा पूल म्हणतात, आणि अशी एक चूक सापडली की टेबलावरच्या माणसाला अख्खा अर्ज बाजूला सारायला निमित्त मिळतं.

परवानगी आलीच तर पावसाळ्यानंतर गवत वाळल्यावर जा. जुन्या कमानींच्या पोटाला चुन्याचे पांढरे ओघळ दिसतील. पाणी सांध्यातून चुना धुऊन नेतंय असा त्याचा अर्थ, त्याखाली उभं राहून टेप लावू नका. सांध्यात पिंपळ रुजलेला असेल तर फोटो नीट यावा म्हणून तो उपटू नका. बऱ्याचदा मूळ दगडाला धरून असतं, ओढलं की दगडही हलतो. आणि बोगद्याच्या तोंडाशी गांधीलमाशांची पोळी असतात, आधी वर बघा.

गट नंबर मिळाले की इथे टाका. वनखात्याच्या अर्जाचा माझ्याकडे असलेला मसुदा पाठवतो.