न मागता ओटीपी आला, म्हणजे जीमेल हॅक झालं का?

तुम्ही यावलहून विचारलंय की रोज ढिगाने फालतू मेल येतात, आणि परवा रात्री न मागता गूगलचा ओटीपी आला, तर अकाउंट गेलं का. भाऊ, नुसता ओटीपी येण्याने अकाउंट जात नाही. पण तो का आला ते बघावं लागेल. तुमचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) चालू असेल, तर कोड सहसा पासवर्ड बरोबर टाकल्यावर येतो. म्हणजे पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागलेला असू शकतो, तो लगेच बदला. टू-स्टेप बंद असेल, तर बहुतेक कुणीतरी 'पासवर्ड विसरलो' करून बघितलंय. दोन्हीत तो कोड कुणालाच सांगायचा नाही, फोनवरचा माणूस स्वतःला कुणीही म्हणवो.

मी चोपड्यात कॉम्प्युटर शिकवतो. आपल्याकडे मला खरी काळजी हॅकरपेक्षा वेगळ्याच गोष्टीची वाटते. अनेकांनी आपलं पहिलं ईमेल स्वतः काढलेलंच नसतं. ठिबकचं अनुदान नाहीतर पोरांची स्कॉलरशिप महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायला गेलो, की सेंटरवरचा मुलगा तिथंच घाईघाईत जीमेल काढून देतो. पासवर्ड म्हणजे नाव आणि पुढे एक-दोन-तीन, तोही सेंटरच्या वहीत लिहिलेला. मुलाच्या मनात वाईट काही नसतं, पण ती वही कितीजण चाळतात? आणि आज त्याच ईमेलवर तुमचं फेसबुक, शॉपिंग आणि बँकेची स्टेटमेंट असतात. ईमेल ज्याच्या हाती, त्याला बाकी बऱ्याच अकाउंटचे पासवर्ड बदलता येतात.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका केळीवाल्या शेतकऱ्याचं अकाउंट आम्ही उघडून बघितलं. रिकव्हरी नंबर, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर ज्यावर कोड येतो तो, होता त्यांच्या जुन्या सिमचा, रिचार्ज न केल्याने बंद झालेल्या. आम्ही त्या नंबरवर फोन लावला, तर पलीकडे दुसराच माणूस बोलला. बंद झालेला नंबर कंपनीला ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो. म्हणजे यांचा रिकव्हरी कोड आता त्या अनोळखी माणसाच्या मोबाइलवर जाणार! तो नंबर आम्ही तिथंच काढून टाकला.

म्हणून सगळ्यात आधी गूगल अकाउंटच्या 'सिक्युरिटी'मध्ये जाऊन रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी ईमेल बघा. तिथंच 'युवर डिव्हायसेस'मध्ये ओळखीचा नसलेला मोबाइल किंवा सेंटरचा कॉम्प्युटर दिसला, तर साइन आउट करा. मग पासवर्ड बदला, लांब ठेवा आणि दुसरीकडे कुठेही वापरू नका. टू-स्टेप चालू करा, जमलं तर एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपने, म्हणजे मोबाइलवरच कोड तयार करणाऱ्या ॲपने. मोबाइल हाताशी नसताना वापरायला गूगल आठ आकडी १० बॅकअप कोड देतं, ते कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा. आणखी एक जागा बहुतेक जण विसरतात. कॉम्प्युटरवर जीमेल उघडून सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' बघा. घुसलेला माणूस तिथं स्वतःचा पत्ता टाकून ठेवतो. मग पासवर्ड बदलला तरी तुमचे मेल त्याला जात राहतात.

एसएमएसवर मी भर देत नाही, त्याला कारण आहे. व्हॉट्सॲपवर पीएम किसान, आरटीओ चलन, लग्नपत्रिका अशा नावांच्या एपीके फायली, म्हणजे मोबाइलवर ॲप बसवणाऱ्या फायली, फिरतात. पत्रिका म्हणून उघडली की ॲप बसतं, मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि पुढचे ओटीपी समोरच्याला मिळू लागतात. लग्नसराईत तर जास्तच जपा. पाठवणारा नातेवाईक असला तरी उघडू नका, कारण त्याचाच फोन आधी गेलेला असू शकतो. आधी त्याला फोन करून विचारा.

राहिले फालतू मेल. ओळखीच्या कंपनीचा असेल तर 'अनसबस्क्राइब' करा. अनोळखी असेल तर आतल्या कशालाच हात न लावता 'रिपोर्ट स्पॅम'. नवीन साइटवर ईमेल देताना पत्त्यात @ च्या आधी अधिकचं चिन्ह (+) आणि त्या साइटचं नाव टाकून बघा. मेल तुमच्याकडेच येतो, आणि पत्ता कुणी पुढे विकला तेही कळतं. काही साइट असा पत्ता घेत नाहीत, तिथं इलाज नाही.

खात्यातून पैसे गेले असतील, तर मेलची साफसफाई नंतर. त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा, व्यवहाराचा नंबर आणि वेळ हाताशी ठेवा. पैसे समोरच्याने काढून घ्यायच्या आत तक्रार पोचली, तर ते त्या खात्यात अडवता येतात. उद्या सकाळी जळगावला जाऊन बघू, असं म्हणत रात्र काढू नका.