वाचकांचे प्रश्न : उष्ण शहरातला बर्फ आणि घाटातला अनुभव

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत, टेक्सास राज्यातील डॅलस शहरात राहतात. तेथील उन्हाळा आपल्या मे महिन्यापेक्षाही कडक असतो. गेल्या हिवाळ्यात रस्त्यावर नखाएवढा बर्फ धरला म्हणून नातवाची शाळा आणि जावयांचे ऑफिस दोन दिवस बंद होते, हे ऐकून मला हसू आले. मी तीस वर्षे अनमोड आणि चोर्ला घाटांतून भर पावसात गाडी चालवली आहे. येत्या जानेवारीत आम्ही उभयता तिकडे जाणार आहोत. परंतु बर्फ पडला तर गाडीला हात लावायचा नाही, असे जावयांनी आताच बजावले आहे. ही भीती अवाजवी नाही का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : जावयाने सासऱ्याला बजावावे, ही आपल्याकडची रीत नव्हे, पण या बाबतीत जावईबापूंचेच बरोबर आहे.

आषाढात आपल्या घरामागच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, तेव्हा वर्षानुवर्षे त्याच पायऱ्या उतरणारा माणूसही एखाद्या सकाळी पाठीवर आपटतो, कारण तेथे सवयीचा उपयोग नसतो, पायाला पकड हवी असते. गाडीचेही तसेच आहे. कोरड्या डांबरावर ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी करकचून ब्रेक दाबल्यावर साधारण १४ मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यावर हे अंतर वीस-पंचवीस मीटर होते आणि घाटातल्या पावसाने तुम्हाला शिकवला आहे तो एवढाच फरक. बर्फाच्या पापुद्र्यावर मात्र तीच गाडी शंभर मीटरांच्या आसपास घसरत जाते. ताशी ३० किलोमीटर इतक्या बैलगाडीच्या वाटणाऱ्या वेगातही तिला ३५ मीटर लागतात. हे आकडे चालकाच्या कौशल्यावर नव्हे, तर टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणावर ठरतात.

यात एक गोष्ट आपल्याला उलटी वाटेल. कडाक्याच्या थंडीतला, उणे वीस अंशांचा बर्फ शून्याजवळच्या बर्फापेक्षा कमी निसरडा असतो. शून्याच्या आसपास बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा अतिसूक्ष्म थर राहतो आणि चाक त्यावरून सरकते. डॅलससारख्या उष्ण शहरात तापमान बहुधा याच घातक पट्ट्यात घुटमळते. शिवाय तेथे अनेकदा भुरभुरीत हिम न पडता गोठणारा पाऊस पडतो : वरच्या उबदार हवेत हिम वितळून थेंब होतात, जमिनीलगतच्या पातळ थंड थरातून येताना ते शून्याखाली जाऊनही द्रवच राहतात आणि रस्त्याला टेकताक्षणी काचेसारखे गोठतात. हा पापुद्रा पारदर्शक असल्यामुळे रस्ता केवळ ओला दिसतो. समोरच्या गाडीच्या चाकांतून तुषार उडत नसतील, तर तो ओलावा नसून बर्फ आहे असे समजावे.

सर्वांत आधी गोठतात ते पूल. जमिनीवरच्या रस्त्याला खालून मातीची ऊब मिळते; पुलाला वरून आणि खालून, दोन्हीकडून गार वारा लागतो. आपल्या मांडवी पुलावर चढताना आपण फार तर वाऱ्याचा विचार करतो, तेथे मात्र पूल आधी गोठतो असा इशारा देणाऱ्या पाट्याच लावलेल्या असतात.

११ फेब्रुवारी २०२१ रोजी पहाटे डॅलसच्या शेजारच्या फोर्ट वर्थमध्ये अशाच गोठणाऱ्या पावसात महामार्गावर १३० हून अधिक वाहने एकमेकांवर आदळली आणि सहा माणसे दगावली. त्या मार्गिकांवर आधी मिठाचे पाणी फवारलेले होते, तरीही हे घडले. मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते खरे, पण नंतरच्या पावसाने ते धुऊन जाते.

आता शहर बंद ठेवण्याविषयी. थंड प्रदेशातील शहरांकडे बर्फ सारणाऱ्या यंत्रांचा मोठा ताफा असतो आणि तेथील बरेच लोक हिवाळ्यात मऊ रबराचे वेगळे टायर चढवतात. उष्ण शहरातील टायरचे रबर थंडीत ताठरते आणि पकड आणखी कमी होते. वर्षातून एक-दोन दिवसांसाठी मोठा ताफा बाळगणे परवडत नाही. त्यापेक्षा दोन दिवस घरी बसणे स्वस्त पडते. २८ जानेवारी २०१४ रोजी अटलांटा शहरात दोन-अडीच इंच हिम पडले, दुपारी शाळा, कचेऱ्या आणि दुकाने एकाच वेळी सुटली, आणि हजारो लोक रात्रभर रस्त्यावर अडकून पडले. कित्येक मुलांनी शाळेतच रात्र काढली. सकाळीच सुट्टी दिली असती तर हे टळले असते. त्यामुळे तुमच्या नातवाच्या शाळेला मी हसणार नाही.

बाहेर असतानाच अवचित बर्फाने गाठले, तर क्रूझ कंट्रोल (गाडीचा वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) बंद ठेवावा, पुढच्या गाडीपासून नेहमीच्या अनेकपट अंतर राखावे आणि ब्रेक लावायचा तो पुलावर चढण्याआधी लावावा. गाडी घसरलीच, तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढून जिकडे जायचे आहे तिकडे नजर आणि स्टिअरिंग हळूच वळवावे. चारही चाकांना जोर देणारी मोठी जीप निघताना उपयोगी पडते; थांबताना ती इतरांइतकीच असहाय असते. आपल्या मंडळींची येथेच फसगत होते.

प्रश्न : माझा भाऊ ह्यूस्टनला असतो. पहाटे गाडीच्या काचेवर बर्फ धरला तर तो उकळते पाणी ओततो आणि गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून गाडी गरम करतो. हे योग्य आहे का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : दोन्ही गोष्टी त्याने आजच थांबवाव्यात. उकळत्या पाण्याने गार काच तडकू शकते आणि ओघळलेले पाणी पायाशी पुन्हा गोठते. आतील हीटर काचेकडे वळवून प्लॅस्टिकच्या पातीने बर्फ खरवडावा आणि वायपर सुटे झाल्याखेरीज ते चालवू नयेत. गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे तर जिवावरचे आहे. फेब्रुवारी २०२१ मधील थंडीत वीज गेल्यावर ह्यूस्टन परिसरात ऊब मिळवण्यासाठी कोणी गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली, कोणी घरात कोळसा पेटवला, आणि कार्बन मोनॉक्साइडने माणसे गेली. या वायूला वास नसतो आणि दार अर्धे उघडे ठेवले तरी तो साचू शकतो. म्हणून गाडी पूर्ण बाहेर काढून, धुराच्या नळीचे तोंड मोकळे आहे हे पाहून मगच इंजिन सुरू करावे.