अकरावीला अडलंय? आधी नववीचं पुस्तक काढा

भांडुपहून एक वडील लिहितात: "मुलगी मराठी माध्यमाची. दहावीला ९१ टक्के. अकरावी सायन्सच्या पहिल्या चाचणीत फिजिक्सला २५ पैकी ७, केमिस्ट्रीला ९. क्लासचे सर वेगळी फाउंडेशन बॅच लावा म्हणतात. बॅच लावू, की सरळ कॉमर्सला टाकू?"

नमस्कार,

एका चाचणीवरून यातलं काहीच करू नका. बॅचचे पैसे तूर्त खिशात राहू द्या. आणि कॉमर्सची तिला मनापासून आवड असेल तर जरूर जाऊ द्या, पण फिजिक्सला ७ पडले म्हणून "टाकायची" ती जागा नव्हे.

आज रात्री जेवणं झाली की तिला एक प्रश्न विचारा, उत्तर मराठीतच देऊ दे. फास्ट लोकल सरळ रुळावर एकाच वेगाने धावते आहे. गाडीवर एकूण बल किती आणि कुठल्या दिशेला? माझ्याकडे येणारी बरीच मुलं पटकन "पुढे" म्हणतात, आणि न्यूटनचा पहिला नियम याच मुलांना तोंडपाठ असतो! उत्तर शून्य. मोटर जेवढं पुढे ओढते तेवढंच घर्षण आणि हवेचा विरोध मागे खेचतात, म्हणून वेग वाढतही नाही, घटतही नाही. वेग बदलायचा असेल तरच गाडीवर शिल्लक बल लागतं. हे डोक्यात बसलं नसेल तर वहीतल्या फ्री बॉडी डायग्राममध्ये, म्हणजे वस्तूवरची बलं बाणांनी दाखवणाऱ्या आकृतीत, गतीच्या दिशेने एक जादा बाण हमखास सापडतो. वही उघडून तो शोधायला तिलाच सांगा.

केमिस्ट्रीत हीच गत मोलची, म्हणजे रेणू मोजायच्या एककाची. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक, यांपासून पाण्याचे दोन, हे समीकरण तिला येतच असेल. मग ४ ग्रॅम हायड्रोजनला ऑक्सिजन किती लागेल? "२ ग्रॅम" म्हणाली, तर समीकरणातले आकडे ती वजनाचे समजते आहे. ते नगाचे आहेत. हायड्रोजनचा एक मोल २ ग्रॅमचा, ऑक्सिजनचा ३२ ग्रॅमचा. त्यामुळे ४ ग्रॅमला ३२ ग्रॅम लागतो, पाणी होतं ३६ ग्रॅम. रेणू एकेक करून कोण मोजणार? म्हणून ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, एवढ्या रेणूंचा एक मोल धरतात. १८ ग्रॅम पाण्यात, म्हणजे चहाचे चार चमचेही भरणार नाहीत एवढ्यात, तितके रेणू असतात.

या दोन्ही गोष्टी राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात आहेत: 'गतीचे नियम' आणि 'द्रव्याचे मोजमाप'. ई-बालभारतीवर पुस्तक फुकट मिळतं. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही आवृत्त्या उतरवून घ्या. धडा मराठीत समजून घ्यायचा, मग तोच इंग्रजीत वाचायचा. अकरावीच्या इंग्रजीची धास्ती यानेच कमी होते. उदाहरणं मात्र उत्तर झाकून सोडवायची.

बारावीनंतर इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांसाठी परीक्षा असतात. राज्याच्या सीईटीत अकरावीचा भाग साधारण २० टक्के असतो आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. देशपातळीवरच्या जेईई मेनला कापतात, शिवाय अकरावीही चांगलीच लागते. कुठली परीक्षा द्यायची ते आज ठरवायची घाई नाही.

पुढच्या चाचणीच्या पेपरात मार्कांआधी आकृत्या बघा. तो जादा बाण तेव्हाही दिसला, तर बॅचचा विचार करा. पण फी भरण्यापूर्वी एक तास तिला तिथे बसू द्या, आणि मुलांच्या शंका सर वर्गातच सोडवतात का, ते घरी आल्यावर तिलाच विचारा.