तळ्यात किंवा टाकीत माशांची दाटी झाली की त्यांच्यावर ताण कसा येतो?

गोड्या पाण्यातील मत्स्यपालनात दर घनमीटर पाण्यामागे किती किलो मासे झाले म्हणजे ते ताणाखाली येतात, असे आपण विचारले आहे. सर्व जातींना लागू पडेल असा एकच आकडा देता येणार नाही. दाटीमुळे पाणी बिघडते आहे की माशांचे आपापसातले वागणे, हे आधी ओळखावे असे माझे मत आहे, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

ताण आला की माशाच्या मेंदूतील हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला संदेश देतो आणि तिच्या सांगण्यावरून वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) डोक्याकडील भागातल्या पेशी कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक सोडतात. त्याआधीच, काही सेकंदांत, ॲड्रेनॅलिन रक्तात आलेले असते. रक्तातील साखर वाढते, श्वास जलद होतो आणि कल्ल्यांतून अधिक रक्त वाहू लागते. गोड्या पाण्यातील माशाचे रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असल्यामुळे कल्ल्यांवाटे क्षार बाहेर झिरपत असतात आणि पाणी आत शिरत असते. ताणाच्या वेळी ही गळती वाढते आणि ती भरून काढण्यात शक्ती खर्च होते. तासा-दोन तासांचा ताण मासा पेलतो. तो आठवडेच्या आठवडे टिकला तर मात्र वाढ खुंटते, रोगप्रतिकारशक्ती घटते आणि एरवी पाण्यात निरुपद्रवी राहणारे एरोमोनाससारखे जिवाणू किंवा सॅप्रोलेग्नियासारखी बुरशी त्याला गाठते.

माझ्या मते बहुतेक ठिकाणी दाटीचा खरा फटका पाण्यामार्फतच बसतो. २० अंश सेल्सिअसला हवेशी संपृक्त झालेल्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. नेमक्या त्याच उष्णतेत माशाची गरज वाढते आणि खाद्य खाल्ल्यानंतरचे काही तास ती आणखी वाढलेली असते. शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात रात्रभर सगळेच श्वसन करतात, म्हणून ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो. दुपारी मोजून निश्चिंत राहणे धोक्याचे आहे. माशांच्या उत्सर्गातून पाण्यात येणाऱ्या अमोनियाचेही तसेच आहे. २५ अंशांना सामू (पाण्याची आम्लता-अल्कता सांगणारा pH) ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो, पण सामू ९ झाला की तोच भाग एक तृतीयांशाच्या पुढे जातो. त्यामुळे तितकेच मासे एका तळ्यात सुखाने राहतात आणि दुसऱ्यात कल्ले जळून मरतात.

वागण्याचा प्रश्न जातीनुसार बदलतो. ट्राउटमध्ये वरचढ मासे खाद्याची जागा अडवतात. दबलेले मासे रंगाने काळपट पडतात, कडेला राहतात आणि त्यांच्या पाठीवरच्या पराची (पोहण्याच्या पंखाची) कड पांढरट, जाड व झिजलेली दिसू लागते. अशा वेळी मासे आकारानुसार वेगळे करणे आणि खाद्य एकाच जागी न टाकता पसरून टाकणे याचा चांगला उपयोग होतो. याउलट तिलापिया किंवा आफ्रिकन मागूर फार विरळ ठेवले तर जागेवरून भांडतात आणि काही प्रमाणात दाट ठेवल्यावर शांत होतात, कारण इतक्या शेजाऱ्यांत हद्द राखणे त्यांना शक्यच होत नाही. म्हणजे संख्या कमी केली की ताण हमखास कमी होईल, असे गृहीत धरू नये.

केवळ कॉर्टिसॉलच्या तपासणीवर विसंबण्याचा सल्लाही मी देणार नाही. मासा जाळ्यात धरल्यापासून काही मिनिटांतच कॉर्टिसॉलचे प्रमाण चढते, त्यामुळे रक्त घ्यायला उशीर झाला तर धरपकडीचाच ताण मोजला जातो. शिवाय दीर्घकाळ दाटीत राहिलेल्या माशात ते पुन्हा नेहमीच्या पातळीवर आलेले आढळू शकते, आणि तरीही तो मासा नीट खात वा वाढत नसतो. त्यापेक्षा रोज खाद्य किती वेळात संपते ते पाहावे, ठरावीक दिवसांनी नमुन्यादाखल मासे तोलून लहानमोठ्यांतील तफावत वाढते आहे का ते नोंदवावे आणि त्याच वेळी पर व कल्ले तपासावेत. पहाटेचा ऑक्सिजन आणि अमोनिया समाधानकारक असूनही तफावत वाढतच असेल आणि आकारानुसार विभागूनही फरक पडत नसेल, तर आपल्या तळ्यापुरती ती घनता जास्त आहे असे समजून मासे कमी करावेत.