छंदांची विचारपूस

प्रश्न : काका, मी बारावीला आहे. हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काच्या, स्पर्धेत उतरायचंय, पावसाची नोंदही ठेवायचीय. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, खानापूर

उत्तर : पावसापासून कर, त्याला परवाना लागत नाही. सरळ भिंतीचं भांडं उघड्यावर ठेव आणि रोज सकाळी ८.३० ला पाण्याची उंची मोज. हवामान खात्याची वेळही तीच. १ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. पहिल्या वर्षी माझं भांडं तुळशीकट्ट्याशेजारी, पत्र्याच्या वळचणीखाली होतं. जुलैतले आकडे बघून वाटलं, धो-धो पावसाची कणकुंबीच आमच्या अंगणात आली! मी पत्र्याचं पाणी मोजत होतो. अडथळा जितका उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब ठेव.

रेडिओला मात्र परीक्षा आहे, मगच 'व्हीयू' अक्षरांनी सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे हवेतलं आपलं नाव, मिळतं. तोवर नुसतं ऐक. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी 'सीक्यू वर्ल्डवाइड'ची, जगभरच्या हौशींशी जास्तीत जास्त संपर्क साधायची, बोलून करायची स्पर्धा असते, ४८ तासांची. आपल्याकडे शनिवारी पहाटे ५.३० ला सुरू होते. आपण म्हणायचं, "फाइव्ह नाइन, ट्वेंटी टू". फाइव्ह नाइन म्हणजे 'तुझा आवाज स्पष्ट नि जोरात येतोय', आणि २२ हा आपला झोन, जगाच्या विभागणीतला आपला भाग. १४ मेगाहर्ट्झला अँटेना म्हणून दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर तार पुरते, नारळाला बांधलीस तरी चालेल. पण तेव्हा परतीच्या पावसाच्या विजा असू शकतात. रेडिओत कडकड वाढली की गुण विसरायचे, तार सोडवून घराबाहेर टाकायची. मी एकदा "अजून एक जपानी संपर्क" म्हणत बसलो नि पॉवर सप्लाय गेला. त्या दिवशीचा पाऊसही लिहायचा राहिला.